काचेवरचं नाव

आमच्या अण्णांना त्यांच्या आडनावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते नाववाले अण्णा होते. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी पोतं अंथरून ते बसत आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्या पातेल्यांवर, डब्यांवर, तांब्यांवर नावं घालून देत. बोटभर लांबीची छिन्नी आणि छोटी हातोडी, एवढंच सामान. ठिपक्याला ठिपका लागत जाई आणि ‘चि. सौ. कां. मालती हिच्या विवाहानिमित्त आत्याकडून’ एवढं सगळं एका वाटीच्या काठावर बसे. त्या काळी लग्नामुंजीत द्यायचं भांडं नाव घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. नाव चुकलं की ते भांडं अण्णांना ठेवून घ्यावं लागे, त्यामुळे नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सगळी भांडी परक्यांच्या नावांची होती. माझी आमटीची वाटी कुणा मधुकरच्या मुंजीची होती. भाताचं पातेलं ‘कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ’ होतं. आईला ते मुळीच आवडत नसे. "रोज भात शिजवते आणि रोज या बाईचं श्राद्ध घालते," असं ती म्हणे. पण पातेलं जाड बुडाचं होतं, भात कधी करपत नसे, म्हणून गंगाबाई आमच्याकडे टिकल्या.

घरात दोन आवाज कायम असायचे. अण्णा राहिलेलं काम घरी आणायचे त्याची टुकटुक, आणि आईच्या पायमशीनची घरघर. आई पेठेतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. या दोन आवाजांच्या मध्ये बसून मी अभ्यास केला असं मी सगळ्यांना सांगते, पण ते तितकंसं खरं नाही. मी बराच वेळ वस्तू उघडून बघण्यात घालवला. मशीनची कांडी कशी फिरते, स्टोव्हला पिन का मारावी लागते, घड्याळाचा काटा मागे का जात नाही. कशाचंही झाकण दिसलं की माझा हात तिकडे जाई. "कुंदे, ते होतं तसं बसव," हे वाक्य मी आईच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नसेल. कॉलेजात मी विज्ञानाला गेले तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, आता तिथलं सामान उघड.

तेव्हाच केव्हातरी दुकानदारानं विजेवर चालणारं नाव घालायचं पेन आणलं. ते पेन हातात धरलं की कुणालाही लिहिता यायचं. दुकानातल्या नोकराला ते चार दिवसांत जमलं. अक्षर कावळ्याच्या पायासारखं, पण झटपट. गिऱ्हाईक खूश. दुकानदार अण्णांना काही बोलला नाही, फक्त त्यांच्याकडे येणारी भांडी कमी होत गेली. अण्णाही काही बोलले नाहीत. ते संध्याकाळी लवकर घरी यायला लागले, हात धुऊन गॅलरीत बसायला लागले, आणि घरातली टुकटुक थांबली. आईनं त्या दिवसांत कुळथाचं पिठलं वरचेवर केलं, ते त्यांना फार आवडायचं. एरवी ती त्यांना टोमणे मारी, तेवढे दिवस मारले नाहीत. त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

अशात एका दुपारी त्या पायरीशी एक वयस्कर बाई येऊन उभ्या राहिल्या. मी अण्णांचा डबा घेऊन गेले होते. बाईंच्या अंगावर फिकं पातळ, हातात काळी छत्री, चष्म्याच्या काचा जाड.

"तुम्ही नावं घालता?"

"हो."

"काचेवर घालता?"

अण्णांनी वर पाहिलं. "बाई, काचेवर हातोडी चालवली तर नाव राहील, काच राहणार नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. रविवारी घरी या. दुपारी नको, मी झोपते." त्यांनी पत्ता सांगितला आणि छत्री उघडून चालू पडल्या.

घर कोथरूडच्या वाटेवर होतं, तेव्हा जिथे पुणं संपायचं तिथे. आता मी त्याच कोथरूडमध्ये सहाव्या मजल्यावर राहते आणि खिडकीतून फक्त दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. तेव्हा त्या बंगल्याच्या मागे ज्वारी उभी होती. अण्णा मला बरोबर घेऊन गेले, कारण मी विज्ञान शिकत होते म्हणजे काचेचं मला कळत असणार असा त्यांचा समज होता. काचेशी माझा संबंध चार परीक्षानळ्या फोडण्याइतकाच आला होता, पण मी ते सांगितलं नाही.

छत्रीवाल्या त्या बाई म्हणजे देवधरबाई. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक उंच कपाट होतं आणि त्यात सतरा वस्तू होत्या. बाईंचे यजमान, देवधरसाहेब, मोठे इंजिनिअर. कंपनीनं त्यांना पुष्कळदा परदेशी पाठवलं होतं आणि दोघांनी मिळून तो प्रवास केला होता. साहेब दोन वर्षांपूर्वी गेले. बाई आता मुलाकडे दिल्लीला जाणार होत्या. कपाटातल्या सगळ्या वस्तू मुलाच्या आणि पुढे नातवंडांच्या घरी जाणार होत्या. जाण्यापूर्वी प्रत्येकीवर नाव घालून हवं होतं.

मी कपाटासमोर उभी राहिले आणि माझं तोंड उघडंच राहिलं. काच म्हणजे कंदिलाची, बाटलीची, खिडकीची, एवढंच मला ठाऊक. इथे लाल होती, मधाच्या रंगाची होती, पाण्यात रॉकेलचा थेंब पडल्यावर रंग पसरतात तसे अंगावर रंग असलेली होती. मी हात मागे बांधून बघायला लागले. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"हात मागे कशाला? डोळ्यांनी काय कळणार आहे? अंगठ्यानं बघ."

आणि त्यांनी माझ्या हातात एक जड वाडगा दिला, त्यावर चांदण्यांसारखी नक्षी. मग तसाच दुसरा. मला दोन्ही सारखे वाटले. "कडेवरून अंगठा फिरव," त्या म्हणाल्या. पहिल्याची धार अंगठ्याला लागली. दुसऱ्याची नक्षी गुळगुळीत, चोखलेल्या खडीसाखरेसारखी बोथट. शिवाय त्याच्या पोटावरून एक बारीक उभी रेघ गेलेली. "पहिला दगडाच्या चाकावर कापलाय. दुसरा साच्यात दाबलाय, ती रेघ साच्याच्या जोडाची. दुसरा मी मुद्दाम घेतला. शेजारी वाईट ठेवल्याशिवाय चांगलं दिसत नाही."

त्या सकाळी मी जे शिकले ते अजून माझ्या बोटांत आहे. एका पेल्यावर धुक्यासारखी पानं होती, हाताला रेशमी लागत, कुठेही ओरखडा नाही. ती तेजाबानं खाल्लेली. जिथे खायचं नाही तिथे मेण लावायचं आणि पेला बुडवायचा. आमच्या प्रयोगशाळेत ते तेजाब ज्या बाटलीत होतं तिला कुणी हात लावत नसे, कारण ते काचही खातं आणि माणसालाही. एका बाटलीवर लाल गुलाब होते, नखाला उंच लागत. ते मिन्याचे, भट्टीत भाजून काचेशी एकजीव केलेले. आणि एक गोळा होता, मूठभर, आत शेकडो रंगीत फुलं. ती आत कशी गेली हे मला काही केल्या कळेना. बाई म्हणाल्या, "अळूवडीचा उंडा कापतेस तेव्हा प्रत्येक वडीत तीच नक्षी कशी येते? तसं. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र तापवून ओढायच्या, मग कापायच्या, आणि ते काप वितळलेल्या काचेत बसवायचे." मी त्या दिवसापासून आजतागायत अळूवडी कापताना थांबते आणि बघते. घरच्यांना ते वेड वाटतं.

सगळ्यात शेवटी त्यांनी एक फुलदाणी काढली. वीतभर उंच, गडद निळी, आणि तिच्यावर पांढऱ्या दुधी काचेचा द्राक्षवेल. वेल चिकटवलेला नव्हता. "काठ बघ," बाई म्हणाल्या. काठावर दोन पदर दिसत होते, आत निळा, बाहेर पांढरा. निळ्या काचेवर पांढरी काच चढवायची आणि मग नको तेवढी पांढरी खरवडून काढायची. वेल राहतो, बाकीचं जातं. काही पानं इतकी पातळ उतरवली होती की खालचा निळा रंग सावलीसारखा वर आला होता. कुणीतरी महिनोन्महिने बसून हे केलं होतं. एकदा पांढरं जास्त निघालं की परत येत नाही.

"साहेबांना काय नजर होती," अण्णा न राहवून म्हणाले.

बाईंनी फुलदाणी कपाटात ठेवली. "साहेबांना लाल आणि लाल नसलेलं, एवढं कळायचं," त्या म्हणाल्या आणि आम्हाला चहा आणायला आत गेल्या. आम्हाला वाटलं, थट्टा.

परतताना लकडी पुलावर अण्णा एकदम थांबले. "चाकानं होईल," ते म्हणाले. "छिन्नीनं नाही. चाकानं." कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात मला तसा जोर ऐकू आला.

चाक कुठून आणायचं? ते मला सापडलं, आणि सगळ्या आयुष्यात वस्तू उघडून बघण्याचा तेवढा एक उपयोग झाला. आईच्या मशीनवर बॉबिन भरायची कांडी असते, ती भन्नाट फिरते. अण्णांनी जुन्या तांब्याच्या पत्र्यातून पावलीएवढ्या चकत्या कापल्या आणि एक त्या कांडीवर बसवली. कुरुंदाच्या, धार लावायच्या दगडाची बारीक पूड गोडेतेलात कालवली. पूड चकतीला लागत राहायची आणि काच खालून वर चकतीला टेकवायची. तांबं काच कापत नाही, पूड कापते. तांबं फक्त तिला धरून ठेवतं. औषधाच्या बाटल्या, कंदिलाच्या फुटक्या चिमण्या, सगळं आम्ही ओरबाडून काढलं. आई पायटा मारायची आणि बोलत राहायची. "ब्लाउज द्यायचेत मला. त्या जोशीणबाईंना काय सांगू, तुमच्या बाह्या काचेच्या करतेय म्हणून?"

आणि मग ते झालं, ज्याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि आतून आनंदही झाला. अण्णांचा हात चालेना. तीस वर्षं त्या मनगटाला ठोकायची सवय. ठोकायचं, उचलायचं, ठोकायचं. चाकाला ठोकणं चालत नाही. काच टेकवून ठेवायची आणि दम धरायचा. त्यांच्या बाटल्यांवर ठिपकेच उठत. एकदा मी म्हटलं, बघू, आणि काच हातात घेतली. चकतीवर चिखलासारखी पूड असते, त्यामुळे आपण कुठे कापतोय ते दिसतच नाही. बोटांना जे कळेल ते खरं. मी पुसून बघितलं तर एक सरळ, सलग, पांढरी रेघ. मी आणखी एक काढली, तिला गोलाई दिली. वर पाहिलं तर अण्णा माझ्या बोटांकडे बघत होते. ज्या माणसाची टुकटुक एका विजेच्या पेनानं बंद केली, त्याच्यापुढे आता त्याची पोरगी बसली होती. मला ते कळत होतं, तरी काच खाली ठेवावीशी वाटत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "अक्षर माझं. हात तुझा." आणि कुंचला आणायला उठले.

देवधरबाई काच घराबाहेर पाठवायला तयार नव्हत्या. "मशीन येऊ दे," त्या म्हणाल्या. म्हणून आईचं पायमशीन हातगाडीवर चढलं आणि पेठेतून पूल ओलांडून कोथरूडला गेलं, मागे आम्ही तिघं. बाईंनी आईला पाहून विचारलं, "या कोण?" आई म्हणाली, "मी इंजिन." दोघींचं त्या क्षणापासून जमलं.

बाईंनी घडी केलेला कागद अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी उलगडला, मागची बाजू बघितली, परत पुढची. "बाई, यावर एकच नाव आहे. आडनाव? कुणाकडून, कुणाला, निमित्त?"

"एकच. सगळ्यांवर तेच."

कागदावर लिहिलं होतं, द्वारका.

अण्णांनी कधी गिऱ्हाइकाला कारण विचारलं नाही. त्यांनी बारीक कुंचल्यानं चांदण्यांच्या वाडग्यावर अक्षरं काढली आणि आई पायटा मारायला लागली. मी मान खाली घालून कापत होते. संपवून पुसलं तेव्हा वाचलं, ‘सौ. द्वारका’. अण्णांच्या हातानं सवयीनं बाईच्या नावाआधी ‘सौ.’ काढलं होतं आणि मी डोळे मिटून कापलं होतं. तीस वर्षांत बाईचं नाव मोकळं काढायची वेळच आली नव्हती, सौ. असायची, चि. सौ. कां. असायची, नाहीतर कै. आम्ही तिघंही गार पडलो. बाईंनी वाडगा घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग त्यावरून अंगठा फिरवला, आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

"अहो नाववाले, द्वारकेचं लग्नच नाही झालं. लग्न सुमतीचं झालं. द्वारकेला सौ. लावणारे तुम्ही पहिले!"

तेव्हा आम्हाला कळलं की द्वारका म्हणजे त्याच. माहेरचं नाव. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरले, साहेबांनी अंगठीनं त्यात ‘सुमती’ लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं. "तांदूळ लगेच आवरले," बाई म्हणाल्या. "नाव आवरायचं कुणाच्या लक्षात आलं नाही." हे त्या हसतच म्हणाल्या. सौ. असलेला वाडगा त्यांनी तसाच ठेवला, बदलू दिला नाही.

आम्ही रोज कॉलेजनंतर जायचो. सोळा वस्तू झाल्या. बाई मध्येच थालीपीठ आणायच्या, वर लोण्याचा गोळा, आणि प्रत्येक वस्तूबद्दल थोडं थोडं सांगायच्या. कशात हवेचे बुडबुडे मुद्दाम ठेवलेत, कशाचा रंग सोन्यापासून येतो. मी प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची आणि त्या वैतागल्यासारखं दाखवून आणखी सांगायच्या. शेवटी निळी फुलदाणी राहिली. अण्णांनी कुंचला बुडवला, आणि मी म्हटलं, "हिच्यावर नको."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक शोधून काढलं होतं. त्यात लिहिलं होतं की जुन्या काचेवर मागाहून काही कोरलं तर ती वस्तू बिघडली असं धरतात. मी ते सगळं सांगितलं. सतरा वर्षांच्या मुलीला जेवढं शहाणपण दाखवता येतं तेवढं दाखवलं. म्हटलं, बाकीच्यांवर घातलं ते ठीक, ही एवढी सुंदर आहे, ही खराब होईल. मी काच खाली ठेवली आणि हात मागे घेतले. अण्णांचा चेहरा पडला. काम अर्धं सोडणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

बाई रागावतील असं वाटलं. त्या समोर बसल्या.

"ही कुठे घेतली सांगू? एका लहानशा गावात, दुकानात. साहेबांना बूट चावला होता म्हणून ते खुर्चीवर बसलेले. त्यांना तिथली एक लाल हवी होती, सोन्याची वेलबुट्टी असलेली. मी अंगठा ओला करून फिरवला तर सोनं अंगठ्यावर आलं. वरून नुसतं रंगवलेलं, भाजलेलं नाही. ही मागच्या फळीवर होती, धूळ बसलेली. मी उजेडात नेली, काठ बघितला, आणि म्हटलं हीच. साहेब म्हणाले, बरं. माणूस चांगला होता, कधी नाही म्हणाला नाही. पण इथे लोक यायचे बघायला. साहेब सांगायचे, ही अशी मिळाली, ती तशी मिळाली. लोक म्हणायचे, काय नजर आहे हो साहेब तुमची. आणि मी आत भजी तळत असायचे. त्या कपाटातली एकही वस्तू साहेबांनी निवडलेली नाही. मुलगाही म्हणतो, बाबांचं कलेक्शन. मी त्याला एकदा सांगितलं, तो म्हणाला, हो गं आई, तू पण होतीस ना बरोबर."

आईचा पाय पायट्यावर होता, तिनं तो खाली घेतला.

"तुझं पुस्तक बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "वस्तू बिघडेल. तिची किंमत तुला कळते, मलाही कळते. मी विचार करून, समजून सांगतेय. मला माझं नाव हवंय."

मला त्या वेळी रडू आलं, आणि त्याचा रागही आला, कारण डोळ्यांत पाणी असलं की काच दिसत नाही. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ज्या हातानं मी ते म्हणत होते त्या हाताला बघायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांचं नाव मला महिनाभरापूर्वी ठाऊक नव्हतं. मी फुलदाणी उचलली आणि फिरवून फिरवून बघितली. खाली, बुडापाशी, एक मोठं पांढरं पान होतं, त्यावर शिरा काढलेल्या नव्हत्या. मी अण्णांना ते दाखवलं. त्यांनी त्यावर सुपारीएवढ्या जागेत तीन अक्षरं काढली, नुसती, आधी काही नाही. ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुरेख अक्षरं होती असं मी आजही म्हणेन.

ती तीन अक्षरं कापायला मला पूर्ण दुपार लागली. आई इतकं हळू पायटा मारत होती की तिचा श्वास ऐकू येत होता. मी कापायची, पुसायची, बघायची. पांढऱ्यात आधी आकाशी दिसायला लागलं, मग जरा खोल गेल्यावर निळं. ज्यानं तो वेल काढला त्यानं जे केलं होतं तेच मी करत होते, वरचं थोडं काढून आतलं दाखवणं. शेवटचा काना झाला तेव्हा माझी बोटं आखडली होती. पांढऱ्या पानावर निळ्या अक्षरांत, द्वारका.

बाईंनी फुलदाणी घेतली. तिन्ही अक्षरांवरून अंगठा फिरवला. नंतर म्हणाल्या, "बरं आहे." पुण्यात याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. महिनाअखेरीस त्या दिल्लीला गेल्या. त्यांची एक-दोन पत्रं आली, मग आली नाहीत. अण्णांना काचेचं पुढे फारसं काम मिळालं नाही, पण त्यांनी पायरी सोडली ती स्वतःहून, आणि जाताना ज्याला त्याला सांगत गेले की आमची कुंदा काचेवर नाव घालते. मी पुढे रसायनशास्त्र शिकवलं, आणि काचेचा नाद मात्र कायम राहिला. लोक अजून जुनी झुंबरं, बाटल्या, पेले घेऊन माझ्याकडे विचारायला येतात.

गेल्या महिन्यात एक मुलगा आला. खराडीला नोकरी, पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. "मॅडम, तुमचा नंबर एका अँटीकवाल्यानं दिला. पणजोबांचं कलेक्शन आहे, बरंच फुटलं, हे एक राहिलंय." त्यानं प्लास्टिक सोडलं. मी चष्मा शोधायचं नाटक करत दुसरीकडे बघितलं, नाहीतर माझा चेहरा त्याला दिसला असता.

"पीस जेन्युइन आहे, बायर पण रेडी आहे," तो म्हणाला. "फक्त इथे खाली बघा. मराठीत काहीतरी मार्क आहे, द्वारका. मी खूप सर्च केलं, या नावाची ग्लास कंपनीच सापडत नाहीये. बायर म्हणतो, मेकर्स मार्क नसेल तर तो डॅमेज आहे, पॉलिश करून काढता आला तर प्राइस बरीच वाढेल. निघेल का?"

"निघेल," मी म्हटलं. "पानाचा तेवढा पांढरा पदर घासून काढला की जाईल. तुझ्या पणजीचं नाव काय?"

"सुमती. घरी फोटोखाली लिहिलंय ना, कै. सुमती."

"तुझ्या पणजीचं नाव द्वारका." आणि मी त्याला सांगितलं. खुर्चीवर बसलेले साहेब, अंगठ्यावर आलेलं सोनं, तांदूळ, भजी. कोणी कोरलं तेही सांगितलं. तो हसला नाही, फोन बाहेर काढला नाही. मध्ये एकदा म्हणाला, "म्हणजे हे पणजोबांचं नव्हतंच?" मी म्हटलं, पैसे त्यांचे. मग तो बराच वेळ फुलदाणीच्या बुडाशी बघत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही काढून द्याल?"

"नाही. दुसरं कुणी देईल. वस्तू तुझी आहे."

त्यानं ती परत प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आली होती त्यापेक्षा बरीच हळू. मी त्याला दारापर्यंत सोडलं. लिफ्टची वाट बघत असताना त्याचा फोन वाजला. मी जाळीचं दार लावून आतच उभी राहिले, ऐकायला नको होतं तरी.

"नो, नो, मेकर नाहीये," तो सांगत होता. "पणजी आहे आमची. द्वारका. हो, नाव राहणार. अहो, पणजोबांचं नाही, तिचं कलेक्शन होतं हे."